दिवसाला एकशे चार कप

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार रागात घातला आहे, पण पूर्ण घातला आहे, तेव्हा जमेस धरावा.) मी इथे वसतिगृहात ठीक आहे. तुमचे गुडघे, मामीचा खोकला आणि दुकानाच्या शटरची कुरकुर या तिघांचं कसं चाललं आहे ते कळवावे. ज्या दानशूर मंडळाकडून माझ्या फीची शिष्यवृत्ती येते, त्या मंडळाची तब्येतही कळवावी. त्यांची मला हल्ली फार काळजी वाटते.

आता मुद्द्यावर येते. सरांनी माझा प्रोजेक्ट नापास केला आहे आणि तो तुमच्यामुळे केला आहे. येत्या गुरुवारपर्यंत दुरुस्त करून दिला नाही तर माझं बी.कॉम.चं दुसरं वर्ष वाया जाणार. मला मुळात चित्रकलेला जायचं होतं हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "अगं, चित्रांचं काय होतं ते मी रोज बघतो. लोक फ्रेम करायला टाकतात आणि न्यायला येत नाहीत. तू अकाउंट्स घे, आकडा कधी दगा देत नाही." मामा, आकडा दगा देतो. त्याला फक्त तुमच्यासारखा माणूस लिहायला लागतो.

प्रोजेक्ट असा होता की प्रत्येकीने एका खऱ्या दुकानाचा वर्षभराचा हिशेब मांडायचा आणि शेवटी ताळेबंद जुळवून दाखवायचा. आमच्या वर्गाने यावर सोपी युक्ती काढली आहे. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे कोणे एके काळी कुणीतरी केलेला एका चपलांच्या दुकानाचा प्रोजेक्ट आहे. तो घ्यायचा, वर दुकानाचं नाव बदलायचं की झालं. या वर्षी आमच्या वर्गात चपलांची अकरा दुकानं आहेत आणि वर्षअखेरीला अकराही दुकानांत बरोबर दोनशे सतरा जोड शिल्लक राहिले आहेत. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला त्यावर पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले. (दोन गेले ते तिने मुखपृष्ठावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव तसंच ठेवलं होतं म्हणून.) मी मात्र शहाणी. मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या सख्ख्या मामांचं फ्रेमचं दुकान आहे, मी खरा हिशेब करणार. घरात खरं दुकान असताना खोटं कशाला, असं तोंड वर करून म्हणाले. ते तोंड आता कुठे लपवू ते तुम्हीच सांगा.

सुट्टीचे चाळीस दिवस मी तुमच्या दुकानात भुसा खाल्ला. वह्या कुठे आहेत विचारलं तर तुम्ही फ्रेमच्या मागे लावायच्या पुठ्ठ्यांचे तुकडे भरलेलं पोतं पुढे केलंत. वर्षाचा हिशेब पोत्यात, तोही सुतारी पेन्सिलीने. पुठ्ठ्यांवर तारीख नाही. कुठे ‘मोठा आरसा फुटला तो दिवस’, कुठे ‘दाढ ठणकली’, कुठे नुसतं ‘काम झालं’. मी मामीला विचारून तुमच्या दाढेची तारीख लावली, आरशाची तारीख काचवाल्या काकांकडून घेतली आणि ‘काम झालं’ हे कसलं काम ते कुणालाच सांगता येईना म्हणून कुठल्या तरी मोठ्या ऑर्डरीचं असेल असं धरून महिन्याच्या बेरजेत ढकलून दिलं. या एका चुकीबद्दल मी स्वतःवरही रागावले आहे, पण तो राग वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आणि तुमची ती संध्याकाळची पद्धत. शटर ओढायच्या आधी गल्ला मोजायचा आणि पुठ्ठ्याशी जुळला नाही तर जेवढे कमी तेवढ्यापुढे ‘चहा’ लिहायचं. जास्त निघाले तर ‘चहा घेतला नाही’ असं लिहून वजा करायचं. मी तेव्हाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "अगं, धंद्यात थोडा चहा होतोच." बरं, होतो तर होऊ दे. मला त्या चाळीस दिवसांत एक कपही मिळाला नाही. मला वाटलं, भाची घरचीच, तिला कशाला.

मग तोंडी परीक्षा. सरांनी पानं उलटली, चहाच्या खात्यावर बोट ठेवलं, कपाचा भाव विचारला आणि कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला. दिवसाला सरासरी एकशे चार कप. दुकानात माणसं किती, तुम्ही आणि काचवाले काका, दोन. म्हणजे माणशी बावन्न. सर शांतपणे म्हणाले, "मग हे फ्रेम कधी करतात?" मागे बसलेली चपलांची अकरा दुकानं खिदळली. तिथे गप्प बसले असते तर निभावलं असतं, पण घरच्या माणसाला कुणी बोललं की आपल्या घराण्यात तळपायाची आग मस्तकात जाते. मी सांगितलं की माझे मामा कडक चहाचे शौकीन आहेत, शिवाय दाराशी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाजतात. चांगली पाच मिनिटं मी तुमच्या चहाची तारीफ केली. सर म्हणाले, बिलं आणा. बिलं नसतील तर ही रक्कम खरी कशासाठी गेली ते मालकाच्या सहीने आणा. आणि शून्य लिहून वही मिटली. ज्यांनी खोटी दुकानं थाटली त्या पास, आणि खरं दुकान नेणारी मी नापास. हा न्याय कुठल्या खात्यात लिहितात तेवढं मात्र आम्हाला शिकवलेलं नाही.

सोबत सरांचा छापील फॉर्म पाठवते आहे. तुम्हाला फक्त एक ओळ भरायची आहे. मामीला नमस्कार, काचवाल्या काकांना नमस्कार. तुम्हाला वर घातला आहे, तो पुरवून वापरावा.

तुमची (सध्या नाइलाजाने)
भाची

ता.क. फॉर्ममध्ये ‘चहा’ लिहू नका. काल मामीला फोन केला होता. तिने सांगितलं की पित्तामुळे तुम्ही चहा सोडून तीन वर्षं झाली आणि काका घरून थर्मास आणतात. मग मी पोतं पुन्हा उपसलं. (हो, मी ते वसतिगृहात आणलं आहे. खाटेखाली आहे.) ‘काम झालं’ असे वर्षात दोनच पुठ्ठे आहेत. त्या दोन दिवसांचा चहा माझ्या दोन सत्रांच्या फीच्या पावत्यांशी ताडून पाहिला. पैशापर्यंत जुळतो. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये जुळलेली ही एवढी एकच गोष्ट आहे. ते दोन दिवस काढले की चहा दिवसाला तीन कपांवर येतो, आणि तेवढा धंद्यात होतोच.

दुसरा ता.क. याचा अर्थ मंडळ नाही, शिष्यवृत्ती नाही, काही नाही. मी त्या मंडळाला दोन वर्षं दोन आभारपत्रं लिहिली, शुद्धलेखन तपासून, ‘आपल्या थोर कार्यास’ वगैरे घालून, आणि टपालात टाकायला विश्वासाने तुमच्या हातात दिली. मामी म्हणते ती माळ्यावर आहेत, न नेलेल्या चित्रांच्या मागे, काच लावून फ्रेम केलेली. मला भयंकर राग आला आहे. काल दिवसभर रडले तोही रागच होता. मी हिशेबात ती रक्कम दुकानाच्या खर्चातून काढून मालकाच्या घरखर्चात टाकली आहे, ताळेबंद जुळला आहे. फॉर्मवर कारण मात्र तुमच्या हाताने लिहा. खोटं लिहिलंत तरी मी पास होईन, पण लिहू नका.

तिसरा ता.क. पुढच्या सत्राची फी वीस तारखेच्या आत भरायची आहे. मंडळाला कळवावे. आणि या वेळी पुठ्ठ्यावर माझं नाव घाला.