तरसाचा गळा

४ नोव्हेंबर १९५६, चिंचवड
आज आम्हा नवराबायकोचं बिऱ्हाड लागलं. मिरज सोडताना यशोदा रडली होती. इथे खोलीच्या मागे पवना नदी दिसली तशी हसली. घरमालक गेनबा आणि त्याची बायको सारजाबाई भिंतीपलीकडेच राहतात. सारजाबाईंनी पहिल्याच दिवशी पिठलं-भाकरी आणून दिली. उद्या नव्या साबण कारखान्यात रुजू व्हायचं. वीस वर्षं अत्तराच्या दुकानात नाकावर पोट भरलं. आता साबणात कोणता सुगंध किती घालायचा, ते हेच नाक ठरवणार. पन्नाशी उलटून नवी नोकरी! मला उगीचच शीळ घालावीशी वाटते आहे.

१९ जानेवारी १९५७
मोगरा की वाळा, ते आज पटकन कळेना. थंडीनं नाक चोंदलं असावं. यशोदेनं ओव्याचा शेक दिला.

२ जून
सर्दी नाही. नाक मोकळं आहे आणि वास नाही. चंदन, वाळा, रॉकेल, सगळं पाण्यासारखं. कारखान्यात बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून काम निभावतो. कुणाला बोललो नाही. काल दूध करपलं, घरभर धूर, आणि मी चुलीशेजारी पेपर वाचत बसलो होतो. यशोदा धावत आली. वास नाही का आला, तिनं विचारलं. लक्ष नव्हतं म्हणालो.

८ सप्टेंबर
सकाळी तोंड धुताना सारजाबाईंनी गाठलं. "भाऊ, तुमी झोपंत कुनाला हानता? लई वरडता. आमचं म्हातारं दचाकतंय." मी हसून वेळ मारून नेली. स्वप्न मात्र आठवतं. एक तरस यशोदेला पायाला धरून ओढत नेतं आणि मी त्याला लाथा घालतो. असली स्वप्नं मला कधी पडत नसत.

१२ जानेवारी १९५८
यशोदेचा डोळा काळानिळा झाला आहे. नळावर पडले, असं तिनं बायकांना सांगितलं. मला काहीच सांगितलं नाही. माझ्या उजव्या हाताची बोटं सुजली आहेत.
तरसाला मी ठोसा मारला होता.

३ मार्च
पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. माझा हात मांडीवर आपोआप थरथरत होता, तेवढाच त्यांनी पाहिला. कंपवाताची सुरुवात म्हणाले. वासाचं सांगितलं, तर वयाचा परिणाम. स्वप्नांचं सांगितलं, तर रात्री दोन घास कमी जेवा. यशोदेच्या डोळ्याचं सांगायला तोंड उघडलं नाही.

२० एप्रिल
पहाटे जाग आली तेव्हा तरसाचा गळा माझ्या दोन्ही हातांत होता. केस नव्हते त्याला. मंगळसूत्र होतं.
ती खोकत होती. मी पाया पडलो तिच्या. ती म्हणाली, "तुम्ही मला मारत नाही हो. तुम्ही मला सोडवायला येता. ओरडता ना, ऐकते मी."
हे ऐकून जास्त भीती वाटली.

२७ एप्रिल
सारजाबाईंकडे झोपायला जा म्हटलं. नाही म्हणते. मग जुन्या लुगड्याच्या पट्टीनं माझे हात खाटेला बांधायला लावले. सकाळी पट्टी तुटलेली. दातांनी — माझ्याच दातांनी.
अक्षर किती बारीक येतंय. मोठं काढायला जातो, तरी —

४ मे
नोकरी गेली. चिठ्ठी नसलेली बाटली ओळखता आली नाही, साहेबांसमोरच. त्याचं काही वाटलं नाही. यशोदेला उद्याच्या गाडीनं कराडला भावाकडे धाडतो आहे. कबूल झाली एकदाची. ट्रंक भरली.
आज झोपायचं नाही. उद्या गाडी सुटेपर्यंत झोपायचं नाही.

५ मे. दुपार
गाडी चारला. मी अजून जागा आहे. लिहीत राहिलं की झोप — यशोदा वाटण वाटते आहे. प्रवासाला भाकरी आणि ठेचा. पाट्याचा आवाज ऐकू येतो.
मान लवली. नाही. जागा आहे —

आवाज थांबला.
तरस आलंय. भर दुपारी. डोळे उघडे आहेत माझे, तरी दिसतंय. चुलीपाशी, तिचं लुगडं नेसून. माझ्याकडे बघतंय. मला नावानं हाक मारत नाही, अहो म्हणतंय —
यशोदा कुठे आहे? नेलं तिला — पाट्यावर वरवंटा आहे — थांब यशोदा, आलोच, मी आलो —