कॉय स्टेमीचं हेल्मेट

पाइन फोर्क, नॉर्थ कॅरोलिना
ता. १२ एप्रिल २०१५

चि. हार्लन यास ताईचे आशीर्वाद, आणि तुझ्या नव्या गुडघ्यालाही.

पत्र पावलं. फोन करत जाऊ नकोस. माझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तू बोलतोस ते सोडून बाकी सगळं ऐकू येतं. टोमॅटोची रोपं लावून झाली, कोंबड्या बऱ्या आहेत. आईच्या कबरीवर दगड बसला. जन्मसाल चुकून दोन वर्षं पुढचं कोरलंय, म्हणजे तिला दगड आवडला असता.

आता मुद्द्याचं. "पुन्हा डावीकडे" सिनेमाला यंदा चाळीस वर्षं होतात. दर जुलैत शर्यतीच्या ट्रॅकवर चादर बांधून दाखवतातच, पण यंदा मोठा थाट आहे. बाबांच्या गाडीची नक्कल करून घेतलीय, तोच निळा रंग, तोच अठ्ठावन्न नंबर. तिच्यात बसून मिरवणार कोण, तर कॉय स्टेमी! मांडीवर कोंबडी घेऊन! पोस्टर वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तुला ठाऊक आहे ते पुन्हा लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझा हात थांबत नाही. सिनेमाच्या आधीच्या त्या शर्यतीत, शेवटच्या फेरीला, बाबा पुढे होते. पलीकडच्या वळणावर, धुळीत, कॉयची गाडी त्यांच्यासमोर कठडा तोडून ओढ्यात उलटी पडली. बाबांनी जिंकत आलेली शर्यत सोडून ब्रेक मारला, खाली उतरले, खिशातल्या चाकूनं त्याच्या हेल्मेटचा पट्टा कापला आणि त्याला पाण्यातून ओढून काढला. तोंडाला दारूचा भपकारा. त्याची बायको पोटुशी होती, गिरणीतली नोकरी जाईल म्हणून तो बाबांच्या पाया पडला, आणि बाबांनी शब्द दिला. लोकांना म्हणाले, गाडी बंद पडली. कॉयनं मात्र गावभर सांगितलं की आपण स्वतःच पोहून बाहेर आलो, हेल्मेट ओढ्यानं नेलं. पुढे सिनेमावाले गमतीचे किस्से शोधत आले, तेव्हा ह्याच माणसानं त्यांना सांगितलं की बर्ल प्रेवेट कोंबडी आडवी आली म्हणून थांबला.

चाळीस वर्षं सगळा देश बाबांना हसतोय. रबराच्या कोंबड्या पिळत, सिनेमातला बर्ल ब्रेक मारून म्हणतो तसं, "कोंबडी आधी!" म्हणून ओरडतोय. अठ्ठावन्न नंबर आपल्या ट्रॅकवर त्यानंतर एकाही पोरानं लावला नाही.

आईनं आपल्याला शपथ घातली होती की ती असेपर्यंत तंटा नको. ती ऑक्टोबरात गेली. बाबांनी पोत्यात गुंडाळून आणलेलं ते हेल्मेट तुझ्या तळघरात आहे. ते पाठव.

लोभ आहेच. पार्सल आलं की वाढेल.

तुझी,
झेला

अ‍ॅक्रन, ओहायो
ता. २७ एप्रिल २०१५

ती. ताईस सा. न. वि. वि.

गुडघा नव्या नवरीसारखा लाजतोय, वाकतच नाही. डॉक्टर म्हणतात चाला, आणि बायको म्हणते बसा, नाहीतर कार्पेट मळेल. दोघांचं ऐकतो आणि उभा राहतो.

हेल्मेट आहे. पाठवणार नाही. बहात्तराव्या वर्षी ट्रॅकवर उतरून तू ते फेकून मारणार, हे मी ओळखलंय. बाबांनी आपल्याला हेच शिकवलं ना, की ज्यानं तुझी गाडी मुद्दाम भिंतीवर घातली, तो पुढच्या फेरीला समोरून आला की त्याच्यावर हेल्मेट फेकायचं, आणि ज्याचा गुन्हा नाही त्याच्यावर कधी फेकायचं नाही. पण ताई, कॉय आता शहात्तरचा आहे. लागलं तर तुरुंगात अंडी कोण पोचवणार?

आणि त्या सिनेमाचं एक सांगतो, रागावू नकोस. टायरच्या कारखान्यात मी नवा होतो तेव्हा गावाचं नाव सांगताच सगळे "कोंबडी आधी!" ओरडले होते. मीही हसलो. काय करणार, हसू येतंच. आजही येतं. माझ्या नातवंडांना संवाद पाठ आहेत. एरवी पडद्यावर आपल्याकडची माणसं आली की एकतर चोर असतात नाहीतर रडत असतात. ह्यात ती तळलेला मासा खातात, लाल मातीत लोळतात, हरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत बसतात. लोक म्हातारे झाले, सिनेमा झाला नाही.

शिवाय त्यात आई आहे. कोंबडीच्या प्रसंगानंतर लगेच, तिसऱ्या बाकड्यावर, उकडलेल्या शेंगा खात मान मागे टाकून हसते. ऑक्टोबरपासून मी रोज संध्याकाळी तेवढाच तुकडा लावतो. सिनेमाच मोडीत काढलास तर मी तिचं हसू ऐकायला कुठे जाऊ?

राग आवर, लोभ राहू दे. उलट केलंस तर मी तिकडे येईन, आणि मला जिने चढवत नाहीत.

तुझा,
हार्लन

पाइन फोर्क
ता. ९ मे २०१५

चि. हार्लन यास आशीर्वाद, जरा हात आखडता घेऊन.

आईचं हसणं मला सांगतोस? मी त्या दिवशी तिच्याशेजारी बसले होते. सिनेमावाल्यांनी फुकट शेंगा वाटल्या, एक माणूस झेंडा हलवून म्हणाला की आता हसा, आणि आई हसली. कशाला हसतोय ते कुणाला ठाऊक होतं? तिचं हसू कापून त्यांनी बाबांच्या फजितीला चिकटवलं. थेटरात ते बघून बाबा उठले आणि घरापर्यंत पायी आले. महिनाभरात गाडी विकली, पुन्हा ट्रॅकचं तोंड पाहिलं नाही. आई मरेपर्यंत उकडलेली शेंग तोंडात घालत नव्हती. तुला काय वाटलं, दातांमुळे?

तरी मी न्यायानं वागले. शुक्रवारी मासे खायला कॉय जिथे बसतो तिथे गेले आणि सांगितलं की बाबा रे, माईक तुझ्याच हातात असणार आहे, एकदा खरं बोल, मी गप्प बसते. तर हा बोटं चाटत म्हणतो कसा, की झेला, त्या कोंबडीनं अख्ख्या गावाला चाळीस वर्षं खायला घातलं, आता बेवड्याची गोष्ट ऐकायला कोण येणार? आणि वर म्हणे, बर्ल स्वतः काही बोलला नाही, तुला का एवढ्या मिरच्या झोंबतात? बाबा गप्प राहिले ते ह्याला दिलेल्या शब्दापायी, आणि हा ते गप्प राहणंसुद्धा खिशात घालून बसलाय!

मला त्याचा जीव नको. त्याच्या तोंडून, सगळ्यांसमोर, एकदा ऐकायचंय की बाबा का थांबले. तो मेला की ते ऐकायचं राहिलंच.

पाठव. नाही पाठवलंस तर एका कोंबडीला तुझं नाव देईन आणि रविवारी तिची भाजी करीन.

लोभाचं नंतर बघू.

झेला

अ‍ॅक्रन
ता. २ जून २०१५

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचून हेल्मेट वर आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. मागे अजून "कॉय" वाचता येतं. पट्टा एका घावात कापलाय. बाबांचा चाकू तसाच असायचा, सफरचंद सोलताना साल तुटत नसे. थेटरातून ते निघाले तेव्हा मी मागेमागे चालत होतो. घरापर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आईच्या शेंगांचं मला ठाऊक नव्हतं.

सोबत पार्सल आहे. फेक. खांदा सांभाळून फेक.

एकच मागतो. संध्याकाळी सिनेमा लागेल तेव्हा थांब, आणि आई पडद्यावर आली की माझ्यासाठी तिच्याकडे बघ.

लोभ असा तसा नाही, पोस्टाच्या खर्चासकट आहे.

तुझा,
हार्लन

पाइन फोर्क
ता. १९ जुलै २०१५

चि. हार्लन यास ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

खांदा दुखतोय, म्हणून अक्षर असं. पण सगळं लिहिते.

ट्रॅक फुलून गेला होता. कुठून कुठून लोक आले होते, डोक्याला पिसं लावून, हातात रबरी कोंबड्या. मी आईचा चर्चचा निळा झगा घातला होता आणि पिशवीत हेल्मेट. पाद्र्याची प्रार्थना झाली, कॉयला घेऊन ती नकली अठ्ठावन्न नंबरची गाडी निघाली. त्याची नात चालवत होती, हा मागे टपावर बसून, एका हातात खरी कोंबडी, दुसऱ्यात माईक. मी पलीकडच्या वळणावर, ओढ्याच्या बाजूला, कठड्याखालून आत शिरले. लोकांना वाटलं कार्यक्रमातलंच काहीतरी आहे. टाळ्या पडल्या.

गाडी समोर आली आणि मी फेकलं. हार्लन, गाडीपर्यंत पोचलंच नाही! धप्पकन मातीत पडलं आणि गडगडत चाकापुढे गेलं. पोरीनं ब्रेक मारला. अठ्ठावन्न नंबर भर वळणावर उभा, आणि झालं, अख्खं मैदान "कोंबडी आधी!" म्हणून गर्जायला लागलं. माझा सूडसुद्धा त्या सिनेमानं गिळला असं वाटून मला रडू फुटायच्या बेतात होतं.

पण कॉय हसला नाही. त्यानं आपलं नाव वाचलं होतं. कोंबडी सुटली तरी त्याला कळलं नाही. तो खाली उतरला. तेवढ्यात म्हातारा मर्ल गॅडी, बाबांबरोबर शर्यती खेळलेला, कुंपणाकडून लंगडत आला. त्यानं हेल्मेट उचललं, पट्ट्याच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि कॉयला विचारलं की हा कुणी कापला. उलट्या गाडीत लटकलेला माणूस स्वतःच्या गळ्याखालचा पट्टा स्वतः कापत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आणि ओढ्यानं नेलेलं हेल्मेट प्रेवेटांच्या घरात कसं, हेही त्यानं विचारलं.

कॉयनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. मग तो म्हणाला की बर्लनं कापला. मी प्यायलो होतो, बुडत होतो, बर्ल माझ्यासाठी थांबला. कोंबडी नव्हतीच. माईक हातात तसाच चालू होता, त्यामुळे शेवटच्या बाकड्यापर्यंत गेलं. पहिल्यांदा लोक हसले. मग मर्लनं टोपी काढली, कुंपणावरच्या बाकीच्या म्हाताऱ्यांनीही काढल्या, आणि हसणं एकेका बाकड्यावरून विझत गेलं. कॉय स्टेमी भर मैदानात रबरी कोंबड्यांमध्ये उभा होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला फार फार बरं वाटलं. अजून वाटतंय.

तुझं ऐकून संध्याकाळी थांबले. सिनेमा लागला. सुरुवातीला लोक हसले, पण कोंबडीचा प्रसंग आला आणि सगळं मैदान गप्प. चाळीस वर्षं मी ह्या शांततेसाठी दातओठ खाल्ले. आणि त्या शांततेत, हार्लन, पडद्यावर एवढी मोठी आपली आई आली. तोंडात शेंग, मान मागे, आणि हसतेय. एकटी. हजारो माणसं तोंड मिटून तिच्याकडे बघताहेत आणि ती आपल्याच नवऱ्याला हसतेय, मयताच्या घरी चुकून हसत शिरलेल्या बाईसारखी.

मला ते सोसलं नाही. तिला तिथं एकटी कशी सोडू? मी बाकड्यावर उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "कोंबडी आधी!" लोकांनी वळून पाहिलं. मी पुन्हा ओरडले. मग मर्ल हसला, त्याच्यामागे पोरं, आणि मग सगळे. आईचं हसू त्यात मिसळून गेलं. मीही हसले आणि रडलेही, दोन्ही एकदमच झालं. तुझ्यासाठी बघितलं तिला. छान दिसते.

कॉयला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. तू मात्र गुडघा वाकायला लागला की ये. शेंगा उकडते. तुझ्या ताईवर लोभ आहे तो तसाच राहू दे, आता मागायला दुसरं काही उरलं नाही.

तुझी,
झेला

ता. क. कॉय आज सकाळी दारात आला होता. टोपी हातात. हेल्मेट परत मिळेल का, असं विचारत होता. मी अंगणात बोट दाखवलं. हेल्मेट उलटं ठेवून त्यात मी मका घातलाय, तिघी त्यात चोच घालून उभ्या होत्या. मी त्याला म्हटलं, थांब बाहेर, कोंबडी आधी.