चौदा नंबरची जोडी

९ जानेवारी

चौदा नंबर गायब! मेण लावायच्या खोलीत माझ्या सगळ्या स्की भिंतीला उभ्या, तेवढी एक जोडी नाही. दोन्ही विश्वविजेतेपदं तिच्यावर जिंकलेय मी. दिसायला सगळ्या सारख्या, पण बर्फाला टेकल्या की कळतं.

माझ्या स्की तयार करणारा गाउदेन्झ मान वर न करता स्कीवरच्या मेणावर इस्त्री फिरवत राहिला. म्हणे, "तळ घासायला दिलीय." अकरा वर्षं माझ्या स्कींना कुणाला बोट लावू न देणारा माणूस! मला काय खुळी समजतो?

१० जानेवारी

सेराइनाला दिली! आमच्याच संघातली, एकवीस वर्षांची पोर. प्रशिक्षक रिएतने जेवताना सहज सांगून टाकलं — "अगं, तुला माहीत नव्हतं?" जवाचं सूप अर्धं टाकलं. तशीच उठून गाउदेन्झला गाठलं.

"स्की बनवणाऱ्या कंपनीचा हुकूम आहे, पोरी. तुझा गुडघा आता..."

"माझ्या गुडघ्याचं मी बघेन! तू नकार का दिला नाहीस?"

"माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आईच्या आधी हा पोचला होता. परका असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. हा आपला होता, म्हणून इतकं लागलं.

११ जानेवारी

सेराइना नाश्त्याला समोर येऊन बसली. "लादिना, मला तुझ्याशी बोलायचंय —"

मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. साळसूद कुठली!

१२ जानेवारी

गाउदेन्झ दोनदा दाराशी आला. उघडलं नाही.

१३ जानेवारी

शर्यत. मी सातवी सुटले, सेराइना नववी. मोठ्या उडीनंतर डावीकडून जाताना स्की एकदम खचली. वरून बर्फ गुळगुळीत, खाली पोकळ! कशीबशी सावरले. बघणाऱ्याला कळलंही नसेल. चौथी आले.

रिएतने वायरलेस हातात दिला. खाली पोचलेलीने वरच्यांना उतार कसा आहे ते सांगायचं, ही आमची रीत. भांडण असो, अबोला असो, यात लबाडी कुणी करत नाही.

"उडीनंतर कसं आहे गं?" सेराइनाचा आवाज.

मी म्हणाले, "छान आहे. डावीकडूनच घे."

मोठ्या पडद्यावर ती कडेच्या जाळीत आदळताना दिसली. मग हेलिकॉप्टर आलं. रिएत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू तरी काय करणार?" मी वायरलेस त्याच्या हातात परत दिला.

पण सुरुवात त्यांनी केली! माझ्या पाठीत सुरा कुणी खुपसला? माझं कोण होतं तिथे?

१५ जानेवारी

दवाखान्याच्या दारात गाउदेन्झ भेटला. चौदा नंबर त्याच्या गाडीतच आहे. सेराइनाने घेतलीच नव्हती. "लादिना खेळतेय तोवर ती तिचीच," असं म्हणून आपल्या जुन्या जोडीवर सुटली.

आत गेले. मांडीपासून पाय बांधलाय. डॉक्टर म्हणतात, शर्यती संपल्या.

"तुला तिथे काही जाणवलं नव्हतं ना गं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग माझंच चुकलं," म्हणाली, आणि माझा हात धरून ठेवला.