दांडा सरळ केला

९ जानेवारी १९७८

दाक्षायणीनं आज विचारलंच — "जोतीअण्णा, ट्रिम कुठली बसवायची?" महिनाभर टाळत होतो. पंख झाले, चाकं झाली, कापड ताणून झालं. आता ट्रिमशिवाय पुढं सरकता येत नाही.

हवेत विमानाचं नाक सारखं खाली जायला बघतं. चालवणाऱ्याला काठी ओढून धरावी लागते, हात भरून येतो. ट्रिम तेवढा भार हातावरून काढून घेते. एवढंच तिचं काम.

तिनं कागदावर दोन्ही तऱ्हा काढून आणल्या होत्या. एक — काठीला स्प्रिंगा लावायच्या आणि शेजारच्या दांड्यानं त्यांचा ताण कमी-जास्त करायचा. सिद्धारामच्या विमानात होतं तसं. दुसरी — शेपटीच्या हलत्या फळीला छोटी पट्टी, तारेनं फिरवायची.

"स्प्रिंग नको," मी म्हणालो. फार घाईनं म्हणालो. तिनं कागदावरून मान वर केली. डोळे भावासारखेच, सिद्धारामसारखेच आहेत.

११ जानेवारी

कारखान्यात सहा नंबरच्या मागाची स्प्रिंग बदलली. जुनी हातातून सोडवेना. हिच्यासारखीच जोडी मी सिद्धारामच्या विमानात लावली होती. मागाची स्प्रिंग, जबर.

दुपारभर कानात तोच — "जोत्या, नाक लई जड हाय रे." मागांच्या खडखडाटात शेजारचा माणूस ऐकू येत नाही. हा बरोबर ऐकू येतो.

१४ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेला गेलो नाही. तो असता तर कॉलर धरून नेलं असतं.

१७ जानेवारी

विमान अप्पांच्या चादरींच्या गोदामात उभं आहे. अप्पा म्हणजे ईश्वरप्पा, सिद्धारामचे वडील. आज दोन व्यापारी बघायला आले. एकानं विचारलं, पहिलं कशानं पडलं?

अप्पा म्हणाले, "मशीन बरोबर होतं की. सरकारी सायबांनी तपासून लिहून दिलंय. आमच्या पोरानंच दांडा उलटा ढकलला. घाबरलं असंल." मग माझ्याकडे हात करून, "ह्या जोतीरामच्या कामात खोट न्हवती."

मी पट्टीला कानस मारत होतो. मारतच राहिलो. अख्खी कड गेली. पट्टी वाया.

१८ जानेवारी

लिहून टाकतो. चौदा महिने झाले, कुणाला बोललो नाही.

आमच्या मागांवर दांडा पुढं ढकलला की ताण वाढतो. हाताला तीच सवय. ट्रिमचा दांडाही मी तसाच बसवला — पुढं ढकलला की नाक वर. विमानात नेमकं उलट असतं, मला ठाऊक नव्हतं. पहिल्या उड्डाणात सिद्धारामच्या लक्षात आलं. खाली उतरून पोट धरून हसला. "मागवाला तो मागवालाच! ऱ्हाऊ दे, मी ध्यानात ठेवतो."

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच सायकल हाणत होटगीच्या माळावर, विमान होतं तिथं गेलो. एकटाच होतो. जोड काढला, फिरवला, बसवला. आता पुढं ढकलला की नाक खाली, असायला हवं तसं. सातची पाळी होती. निघून आलो.

आठला तो उडाला. नाक खाली जायला लागलं, त्यानं ध्यानात ठेवल्याप्रमाणे दांडा पुढं ढकलला. नाक आणखी खाली — त्यानं आणखी ढकलला. सापडला तेव्हा दांडा पुढं टेकलेला होता.

मी दुरुस्ती केली. आणि तो माझी चूक पाठ करून मेला.

२२ जानेवारी

एक गोष्ट सुटत नाही. आमच्याकडे रीत आहे — मागात काही बदललं की फिटरनं चौकटीवर खडूनं लिहायचं, म्हणजे पुढच्या पाळीवाल्याला कळतं. पंधरा वर्षं लिहितोय. एकदाही चुकलो नाही.

मग त्या सकाळी?

खडू कानावर होता, हे आठवतं. दांड्याशेजारच्या फळीवर हात टेकला होता, हेही. "दांडा सरळ केला" — माझं अक्षरसुद्धा डोळ्यांपुढं येतं. पण फळी सापडली तेव्हा कोरी होती. मी स्वतः पाहिली, दोन्ही बाजूंनी. म्हणजे लिहिलंच नाही. मन आपलं काहीतरी रचून दाखवतंय.

३ फेब्रुवारी

पट्टी बसली. ती जराही ढिली राहिली तर वाऱ्यात फडफडून शेपूट तोडते, म्हणून बिजागरी तीनदा काढून पुन्हा बसवली. दाक्षायणी आत बसून पट्टीच्या तारेचं चाक फिरवायची, मी मागं उभा. "नाक वर" म्हणाली की पट्टी खाली जायला हवी, तीच फळीला वर ढकलते. सकाळपासून किती वेळा बघितलं कोण जाणे. शेवटी ती वैतागली.

"अण्णा, पुरे की. सिद्धूनं घाई केली, मी नाही करणार."

तेव्हाच ठरवलं. ती उडायच्या आत सांगायचं. त्याच्या नावावरची चूक आता माझ्या नावावर यायला हवी. अप्पा दारात उभं करणार नाहीत. न करोत.

४ फेब्रुवारी

धीर झाला नाही.

१० फेब्रुवारी

नाही.

१९ फेब्रुवारी

परवा उड्डाण. आज सांगायचंच म्हणून गोदामात गेलो. आत पार्वतम्मा — सिद्धारामच्या आई — बादली, फडकं आणि विभूतीची डबी घेऊन विमान पुसत होत्या. "बा, जोतीराम, बा," कानडीत ये ये म्हणाल्या. मी बादली धरली.

पुसता पुसता बोलत होत्या. "त्या येळीबी मीच केलं हे. तू पाळीला गेला हुतास. आत कुणीतरी फळीवर खडूनं रेघोट्या मारून ठिवलेल्या. चांगल्या कामाला तसं ठिवत्यात व्हय? वल्ल्या फडक्यानं लख्ख पुसलं बग, मग इभूत लावली. तवा कुटं बसला त्यो."

अम्मांना अक्षरओळख नाही.

लिहिलं होतं! मी लिहिलं होतं. पंधरा महिन्यांनी पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं — आणि त्याच क्षणी त्यांचे हात दिसले. त्याच बोटांनी नव्या फळीवर तीन पट्टे ओढत होत्या.

"बरं केलंत, अम्मा," म्हणालो. बादली रिकामी करायच्या निमित्तानं बाहेर आलो आणि भिंतीला टेकून बसलो.

२० फेब्रुवारी

चाकाशेजारी ऑइलपेंटनं लिहिलं. नाक वर. नाक खाली. दोन हात दिले. कानातला तो दिवसभर बोलला नाही.

२१ फेब्रुवारी

उड्डाणाआधी अप्पांच्या घरी जाऊन सांगितलं. दांडा मी फिरवला होता, सिद्धारामची काही चूक नव्हती. दाक्षायणीनं एवढंच विचारलं — "खडूनं लिहिलं नव्हतं का? तुम्ही तर नेहमी लिहिता."

स्वयंपाकघराच्या दारात अम्मा उभ्या होत्या.

"विसरलो," म्हणालो.