स्फटिक क्रमांक १९ बाबत अखेरची व्यवस्था

पुढच्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "बाकीची कामं आटपून या." भाचा म्हणाला, "मावशी, घाई नाही, पण घराचं काय ठरवलंस?" दोघांनाही उत्तर हवे आहे, म्हणून हे लिहीत आहे. वय त्र्याहत्तर, सेमीकंडक्टर प्रयोगशाळेतून निवृत्त. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. घालू शकेल असे कोणी उरलेलेही नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर धाकट्या बहिणीला, तिच्यामागे भाच्याला. त्याने आधी जिन्याचा कठडा दुरुस्त करावा. तीन वर्षे "बघतो" म्हणतो आहे.

२. बँकेतील ठेवी बहिणीलाच. तिने त्या भाच्याच्या नव्या धंद्यात घालू नयेत. हे तोही वाचणार, ते मला माहीत आहे.

३. सूक्ष्मदर्शक, भिंगे आणि चिमटे शेजारच्या विज्ञानशिक्षिकेला. चिमट्यांनी भुवया कोरू नयेत.

४. निवृत्तीच्या वेळी विभागप्रमुखांनी दिलेले घड्याळ त्यांना परत करावे. ते पहिल्या दिवसापासून मागे पडते. तेव्हा मी बोलले नव्हते.

५. स्फटिक क्रमांक १९ आणि वही क्रमांक ७. प्रयोगशाळेने हे टाकाऊ म्हणून यादीतून काढले, तो कागद सोबत आहे. तरी हे माझे नाही.

आम्ही सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक तयार करत असू. आमची सहायिका ते मेणाने चकतीला चिकटवून घासायची, धुवायची आणि लेझरखाली ठेवून त्यातून निघणाऱ्या उजेडाचा आलेख काढायची. एकोणीसच्या आलेखावर लाल भागात एक उंचवटा आला. मी म्हटले, "मेण राहिलंय." मेणही लेझरखाली उजळते, तेव्हा शंका गैर नव्हती.

"बाई, पाचदा धुतला. उजेड आतून येतोय. एकदा द्रव नायट्रोजनमध्ये थंड करून बघू या ना."

"आत काय कोणी दिवा लावून बसलंय?"

सगळे हसले. ती हसली नाही. मी तिच्या नोंदीवर लाल रेघ मारली आणि वार्षिक अहवालात "काम अस्वच्छ" असे लिहिले. तिची बढती गेली. दोन वर्षांनी तिने नोकरी सोडली. तेव्हापासून चष्म्याच्या दुकानात काचा घासते.

ती गेल्यावर मी तो स्फटिक थंड करून मोजला. मेणाचा उंचवटा पसरटच राहिला असता. हा सुईसारखा बारीक झाला. आत कार्बनचा एक अणू शेजारच्या सिलिकॉनच्या जागी जाऊन बसला होता आणि त्याची स्वतःची जागा रिकामी होती. तिथे अडकलेला इलेक्ट्रॉन लेझरची ऊर्जा घेऊन आपला ठरलेला रंग सोडत होता. मी एका नियतकालिकात शोधनिबंध छापला. नाव एकटीचे. तिच्यासाठी शेवटी एक ओळ: पॉलिशबद्दल आभार. ती काही बोलली नाही, आणि ते मी माझ्या सोयीने संमती धरले.

उजेड प्रथम तिने पाहिला आणि ओळखला, असे पत्र मी त्या नियतकालिकाला लिहिले आहे. स्फटिक, वही आणि पत्राची प्रत तिला माझ्या मागे द्यायची नाहीत. मेलेल्या बाईला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. म्हणून तिला आज बोलावले आहे.

६. अंमलबजावणी बहिणीने करावी. रडून झाल्यावर.

स्थळ: माझी जेवणाची खोली. शनिवार, सकाळी अकरा.
सही: लिहिणारी
साक्षीदार: १. दवाखान्यातले डॉक्टर २. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर

हस्तांतराची नोंद: साक्षीदारांसमोर सहायिकेला पुढील वस्तू दिल्या: स्फटिक एक, डबीसह, वही एक, पत्राची प्रत एक. तिने पत्र उभ्यानेच वाचले. "बसतेस का?" असे मी विचारले. "आधी हे नीट करा," ती म्हणाली. "तुम्ही शुक्रवार लिहिलाय. मी मोजलं ते गुरुवारी." वही उघडून पाहिली. गुरुवारच होता. दोन्ही प्रतींत मी दुरुस्ती केली, शेजारी दोघींनी सह्या केल्या. मग ती बसली.