शेगडीची खडखड

७ जानेवारी

पुन्हा! लाकडाच्या भुशाच्या कांड्या ओतल्या, शेगडी पेटली, आतला पंखा फिरायला लागला – आणि खडखडखड! पत्र्याच्या डब्यात खिळे भरून कुणी हलवत बसावं तशी. आणि मामा काय म्हणतो? "निव्हेस, तू आलीस आणि ही बिघडली." मी! मी काय पंख्यात जाऊन बसते?

काल टेकडीवर सणाचा जाळ केला. धूर गेला मावळतीकडे. आमच्याकडे म्हण आहे – धूर मावळतीला, तर झोळी उचल आणि जगात भटक. सगळं गाव धुराकडे बघत होतं, मामा माझ्याकडे. घरी येऊन म्हणाला, "शनिवारपर्यंत ही गप्प झाली नाही तर तुझी सोय तू बघ." बर्फ वितळेपर्यंत खाली दरीत कुठेच काम नाही, हे माहीत असून!

८ जानेवारी

शेगडी एका बाजूला कलत होती. तिच्या पायांचे स्क्रू पिळून सरळ केली. पंख्याच्या पात्यांवर राखेचे थर! दात घासायच्या ब्रशनं खरवडले. नाक, कान, केस – सगळं राखाडी. खडखड थोडी कमी झाली. थोडीच.

टेबलाखाली घुसले तर टेबलाच्या पायाखाली मामीची घडी सापडली. ओर्सोलामामीला जाऊन दोन वर्षं झाली, पण या घरात जे जे हलतं त्याच्याखाली तिनं काहीतरी दुमडून, निळ्या लोकरीनं बांधून, खुपसून ठेवलंय. खिडकी, कपाट, पलंग. मला एकदा म्हणाली होती, "तुझ्याखालीपण काहीतरी घालायला हवं, कुठे म्हणून टिकत नाहीस!" मामीच असती तर...

मक्याच्या पिठाचा पोलेंता शिजवत होते, तो खाली लागला. त्यालाही मीच जबाबदार.

१० जानेवारी

कमाल आहे! शेगड्या दुरुस्त करणारा अख्ख्या गावात एकच, जेलिंदो, आणि तो राहतो अंगणापलीकडे. ही शेगडी बसवली त्यानंच. म्हटलं, बोलावूया. मामा उसळला – "त्याचं नाव या घरात नको! तुझ्या मामीलाही काढू दिलं नाही मी."

"पण का?"

"का नाही नि बी नाही."

तडक जेलिंदोकडे गेले. तो हसला. "तुमची खडखड इथवर ऐकू येते गं पोरी. ऐकून बरं वाटतं!"

मग सांगितलं. चार वर्षांपूर्वी मामाच्या स्वयंपाकघरात पत्त्यांचा डाव रंगला होता. मामी चर्चला गेलेली. शेवटी पत्ते मोजले तर नाण्यांची सत्ती, सात नाणी छापलेला पत्ता, गायब – जिच्या एकटीसाठी वेगळा गुण मिळतो, तीच! मामानं चारचौघांत जेलिंदोची बाही उलटी केली.

"सापडली?"

"काय सापडणार? माझं मनगट! तीस वर्षं एका दोराला बांधून डोंगर चढलो आम्ही. आता त्याला म्हणावं, चोराच्या दारात ये आणि शेगडीचं औषध माग."

दोन म्हातारे! आणि रस्त्यावर कोण येणार? मी!

११ जानेवारी

धुराड्याच्या कड्याखाली जुन्या टोपीची लोकर घातली. सगळे स्क्रू आवळले. तरी खडखडतेय मेली!

१२ जानेवारी

सापडलं. देवा, सापडलं!

शेगडी चालू ठेवून एकेका पत्र्यावर तळहात दाबत गेले. डाव्या बाजूला दाबलं – गप्प. सोडलं – खडखड. विझवून, निववून पत्रा काढला. वरच्या फटीतून सुटून तळाशी पडली होती एक घडी. निळ्या लोकरीची! लोकर सोडली. आत पिवळा पडलेला पत्ता. सात नाणी.

मामीला पत्त्यांतलं ओ की ठो कळायचं नाही. चर्चहून आली असेल, माणसं पांगलेली, जमिनीवर एक कागद, शेगडी कुरकुरतेय – दुमडला, बांधला, खुपसला. आणि या गृहस्थानं दोन वर्षं तिला भांडण कशावरून तेसुद्धा सांगितलं नाही! एकदा, फक्त एकदा सांगितलं असतं तर?

मामानं पत्ता हातात घेतला. लोकरीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "होता तिथे ठेव."

"मामा!"

"ठेव म्हटलं ना. आवाज थांबवायचा होता ना तुला?"

ठेवला. शेगडी गप्प. माझा पलंग वाचला. थू माझ्यावर! अंगणापलीकडचा माणूस चोरच राहणार, आणि आम्ही इथे शांतपणे ऊब घेत बसणार! जेवले नाही. त्यालाही वाढलं नाही.

१३ जानेवारी

खडखडीनंच जाग आली. फळीवर कप नाचतायत. शेगडीचा पत्रा उघडा, फट रिकामी. दाराशी मामाचे बूट नाहीत. अंगणातल्या ताज्या बर्फात पावलांची एकच रांग – जेलिंदोच्या दाराकडे जाणारी. येणारी अजून नाही.