बारक्याच्या आगीचा शॉट

मी, खाली सही करणारी, फुप्फुसे कामातून गेलेली पण डोके जागेवर असलेली बाई, कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने ही व्यवस्था लिहून ठेवते. याआधी कुठे काही खरडले असेल तर ते रद्द समजावे.

राहती खोली आणि बँकेत असेल ते आईला. ती मला शिव्या घालत घेईल, पण घेईल.

करवत, रंगाचे फवारे आणि थर्माकोलचे उरलेले अर्धे शहर खालच्या सुतारकाकांना. त्या शहरावर आम्ही यान आदळवले, पूल उडवले, पिठाच्या धुरळ्यात रस्ते गाडले. आमच्या हौशी विज्ञानपटाकडे पैसा नव्हता, पण विध्वंस झकास होता. काका, उरलेल्या इमारती लाथेने फोडा, मजा येते.

हातोडा कोणालाच नाही, तो माझ्याबरोबर द्यावा. त्याने मी मावसभावाचा, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाचा जबडा मोडला. पश्चात्ताप बिलकूल नाही.

कारण नोंदवते. परग्रहवासी झाला होता माझा धाकटा भाऊ, बारक्या. पोशाख मी फोम आणि रबरी गोंदाचा केलेला; चेन पाठीवर, आतल्याला स्वतः उघडता येत नाही. म्हणून माझा नियम होता: आग वेगळी चित्रित करायची, माणूस वेगळा, आणि दोन्ही संगणकावर एकावर एक बसवायचे. मी रंग आणायला गेले तेवढ्यात दिग्दर्शक, ज्याला बारक्या दादा म्हणायचा, त्याला म्हणाला, "ताईचं सोड रे, नुसती बाही पेटवू, लगेच विझवू."

परत आले तर बारक्या भिंतीवर अंग आपटत होता आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटले, ही ताईचीच करामत. मी धावले, तर दिग्दर्शकाने मला कमरेला धरून मागे खेचले. "अगं, दोन सेकंद थांब, शॉट बिघडेल!" मी त्याच्या हाताचा लचका तोडून सुटले. तोवर चेन वितळली होती. बारक्या तिथेच गेला. हातोडा जवळ होता.

जबडा बरा झाल्यावर त्याने तोच शॉट सिनेमात घातला, वर डरकाळी चढवली. लोक शिट्ट्या मारतात. माझ्या भावाचे मरण बघून शिट्ट्या मारतात, हे मला जिवंतपणी सहन झाले नाही, मेल्यावरही होणार नाही.

मेहनताना देता येईना म्हणून सगळ्या करामतींच्या दृश्यांचा हक्क त्यानेच मला लिहून दिला आहे. तो मी ही व्यवस्था पार पाडणाऱ्या माझ्या वकीलबाईंना देते. त्यांनी शॉट काढायला लावावा आणि माझ्याकडच्या मूळ चित्रीकरणातले चित्र नष्ट करावे.

फक्त आवाज ठेवावा. तो दिग्दर्शकाला द्यावा, दुसऱ्या कोणालाही नाही, आईला तर मुळीच नाही. डरकाळीखाली त्याने काय दाबले ते त्यात आहे: "दादा, चेन उघड. दादा, खोटं नाहीये हे."

ठिकाण: माझी कामाची खोली.
तारीख: शिक्क्याखाली घातली आहे तीच.
सही

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली:
साक्षीदार, डॉक्टरबाई (सही)
साक्षीदार, शेजारचा शिंपी (सही)